छान म्हणायला बंदी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी अकरावीच्या वर्गात 'छान' हा शब्द उच्चारायला बंदी घातली. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तसं खडूने लिहूनही ठेवलं. कुणीतरी त्याच्याखाली 'छान कल्पना' असं लिहिलं. अक्षर ओळखीचं होतं, पण मी कानाडोळा केला.

बंदीला कारण होतं. मी रत्नागिरीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. पर्यावरण हा विषय कुणालाच नको असतो, म्हणून तो दरवर्षी जीवशास्त्राच्या मास्तरच्या गळ्यात पडतो, आणि त्याच्यासोबत प्रकल्पांचं सादरीकरणही. चार-पाच जणांचा गट पुढे येतो. पडद्यावर जे लिहिलेलं आहे तेच एकजण पाठ फिरवून वाचून दाखवतो. बाकीचे देवळातल्या खांबासारखे उभे. समोर बसलेल्यांचं लक्ष मांडीवर, मांडीवर मोबाइल. मागच्या बाकावर तर एकाला मी चक्क घोरताना ऐकलं आहे. वाचून संपलं की मी विचारायचो, "कसं वाटलं?" की आरतीनंतर मोरया म्हणावं तसा सगळ्या वर्गाचा एक सूर, "छाऽन, सर."

काय छान? कोणाला माहीत. एकदा मी एकाला उभं केलं आणि विचारलं, "विषय काय होता रे?" तो म्हणाला, "पर्यावरण." चुकीचं तरी कसं म्हणणार!

छानला बंदी घातल्यावर पोरं 'मस्त' म्हणू लागली. मस्तलाही बंदी घातली तेव्हा 'एक नंबर' आलं. मी म्हटलं, अरे, नावं ठेवा. दोष काढा. तुमच्या मित्राचं कुठे चुकलं ते सांगा. सगळे वह्या चाळू लागले. कोकणात नावं ठेवायला कुणाला शिकवावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. हीच पोरं एष्टी स्टँडवर उभी राहिली की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या केसांपासून चपलेपर्यंत कशालाही सोडत नाहीत. पण वर्गात आज मी त्याला बोललो तर उद्या तो मला बोलेल, हे साधं गणित होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या बाबतीत सल्ला विचारावा असं माणूस माझ्या घरातच होतं. पण विचारायची सोय राहिली नव्हती.

माझी बायको शहराबाहेरच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन तिला काही वर्षं झाली होती. नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी माझ्या पाहण्यात नाही. शेजारणीने प्रेमाने मोदक पाठवले तर ती ते उलटसुलट करून बघायची आणि म्हणायची, "एवढ्याच कळ्यांचा मोदक? करंजी का नाही केलीन मग, श्रम वाचले असते." माझा सदरा, माझी चाल, माझं फोनवर ओरडून बोलणं, माझी भाजी आणण्याची पद्धत, कशातूनही मी सुटलो नाही. माझ्या शिकवण्याबद्दल तिचं मत होतं, "पोरं झोपतात त्यात पोरांचा काय दोष? तुम्ही अंगाई म्हटल्यासारखं शिकवता." मी चिडायचो. दोन-दोन दिवस अबोला धरायचो. अबोला धरण्याचीही माझी पद्धत चुकीची आहे, असं ती मला अबोल्यातच सांगायची.

त्या दिवाळीच्या आधीच्या मे महिन्यात, अंगणात आमसुलं वाळत घालताना तिला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. त्याच्या थोडं आधी तिने स्वयंपाकघरातल्या मला बाहेरूनच ओरडून सांगितलं होतं, "अहो, नळ नीट बंद करा, गळतोय तो." माझ्याशी बोललेलं तिचं ते शेवटचं वाक्य. मी नळ बंद केला आणि बाहेर आलो.

पुढे पाय थोडा सुधारला. धरून धरून पडवीपर्यंत येऊ लागली. वाचा काही आली नाही. नाही म्हणायला एक शब्द आला. असं होतं म्हणे, सगळा शब्दांचा साठा अडकतो आणि एखादाच सुटून बाहेर येतो. कुणाच्या तोंडी शिवी राहते, कुणाच्या देवाचं नाव. हिच्या तोंडी 'छान' राहिला. पाणी हवं असलं तरी छान, पाय दुखला तरी छान. भेटायला आलेली माणसं जाताना मला हळूच म्हणायची, "निदान चांगला शब्द तरी राहिला हो." मला त्यांना उंबऱ्यापलीकडे ढकलून द्यावंसं वाटायचं. चांगला? तिचा शब्दच नव्हता तो! इतक्या वर्षांत तिने मला एकदाही छान म्हटलेलं नव्हतं.

डॉक्टरांना मी विचारलं, तिला समजतं किती? ते म्हणाले, बहुधा पुष्कळ समजत असावं, पण नक्की सांगता येत नाही. या 'नक्की सांगता येत नाही'ने माझी झोप उडवली. बोलता येत नाही हे मी सोसलं असतं. पण ती आत आहे की नाही, माझ्याकडे बघणाऱ्या त्या डोळ्यांमागे माझी नावं ठेवणारी बायको बसलेली आहे की नाही, हे मला कळत नव्हतं. मला दुसरं काही नको होतं. एवढंच कळायला हवं होतं.

वर्गाची अडचण सुटली ती तिच्याच एका जुन्या युक्तीने. ती चौथीच्या वर्गात फळ्यावर मुद्दाम चूक करायची. सात साते अठ्ठेचाळीस लिहायची आणि निर्विकार चेहऱ्याने पुढे जायची. पोरं नुसती टपलेली असायची. मला ती सांगायची, "अहो, शाबासकीपेक्षा बाईची चूक पकडायला पोरांना जास्त आवडतं." तेव्हा मी म्हटलं होतं, हे पोरखेळ प्राथमिकला ठीक आहेत.

आता मी अकरावीला सांगितलं, की प्रत्येक गटाने आपल्या सादरीकरणात एक चूक मुद्दाम पेरायची. नीट लपवून. ऐकणाऱ्यांनी ती पकडायची. पकडली गेली नाही तर वर्ग हरला, पकडली तर गट हरला.

पहिला गट भाट्याच्या खाडीतल्या कांदळवनावर बोलला. त्यांनी सांगितलं की कांदळाची मुळं चिखलातून वर डोकं काढतात ती ऊन खायला. वर्गातले मोबाइल एकेक करून खिशात गेले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. खाडीकाठच्या घरातला एक मुलगा ताडकन उठला, "ऊन कशाला खातील? श्वास घ्यायला येतात वर. आमच्या घराच्या मागंच हाय कांदळ." टाळ्या पडल्या. पुढच्या गटाने मासे वाळवण्यावर माहिती गोळा केली होती. त्यांच्यातल्या मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं, सोडे म्हणजे सुकवलेले बोंबील. एरवी मागच्या बाकावर घोरणारा पठ्ठ्या बाकावरच उभा राहिला. "काय ता? सोडं म्हंजे बोंबील? सुकी कोळंबी ती! असं घरी बोललो तर आयस हाकलून देल मला!" शेजारच्या वर्गातले सर बघायला आले, की मारामारी झाली की काय. आंब्यावरच्या गटाने हापूस मूळचा देवगडचा असं म्हटलं तेव्हा वर्गात जो गोंधळ माजला तो तास संपला तरी मिटला नाही. नंतर कळलं की ती पेरलेली चूक नव्हतीच. त्या मुलाचं आजोळ देवगडचं होतं.

चुकीच्या निमित्ताने पोरं ऐकू लागली, आणि ऐकायला लागल्यावर आपोआप नावंही ठेवू लागली. नकाशा कुठाय? हे पुस्तकातून उचललंस की स्वतः बघितलंस? सांगताना सारखं नाक का पुसतोस? मला वर्गात बसून हे ऐकताना आनंद व्हायचा आणि त्याच्या पाठोपाठ बायको आठवायची. हे घरी जाऊन जिला सांगायचं तिच्याकडून उत्तर यायचं नव्हतं.

तरी मी सांगायचो. रोज संध्याकाळी पडवीत तिला खुर्चीवर बसवून, चहा बशीत ओतून तिच्या हातात द्यायचा आणि त्या दिवशीच्या गटाचा प्रकल्प सगळाच्या सगळा सांगायचा. चुकीसकट. चूक कुठली ते मात्र सांगायचं नाही. मी थांबायचो आणि तिच्या तोंडाकडे बघायचो. माझं म्हणणं एवढंच होतं, की तिने भुवई तरी उडवावी. मान तरी हलवावी. मला येडा ठरवावं.

सोड्यांचं सांगितलं तेव्हा ती बशीतला चहा संपवून म्हणाली, "छान."

कांदळाला छान. आंब्याला छान. मग मी वर्गातलं सोडून स्वतःच्या चुका पेरू लागलो. पोह्यात राई घालायची नसते म्हणालो. बांगड्याला सुरमई म्हणालो. माझ्या बहिणीचं लग्न आपल्या लग्नाआधी झालं म्हणालो, ज्या लग्नात मानपानावरून माझ्या आईने काय काय केलं हे तिने मला आयुष्यभर ऐकवलं होतं. छान. छान. छान.

तिचं माहेर हेदवीचं. दशभुज गणपतीच्या आवारात खेळून ती मोठी झाली. एका संध्याकाळी मी धीर करून म्हटलं, "हेदवीच्या गणपतीला हात आठ, नाही का गो?" लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेलो होतो तेव्हा तिने मला त्या प्रत्येक हातात काय आहे ते ओळीने म्हणून दाखवलं होतं, आणि मी मध्येच एक हात विसरलो म्हणून देवासमोर माझ्यावर डाफरली होती. आता तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "छान."

मी उठून आत गेलो आणि ओट्यापाशी उभा राहून रडलो. मला तिची इतकी आठवण येत होती, आणि ती तर बाहेर खुर्चीवर बसलेली होती. हे कुणाला सांगणार? गेलेल्या माणसासाठी रडलं तर लोक पाठीवर हात ठेवतात. समोर बसलेल्या माणसासाठी रडणाऱ्याला काय म्हणायचं हे कुणालाच माहीत नसतं.

त्यानंतर मी तिला प्रकल्प सांगणं बंद केलं. चहा द्यायचो, गप्प बसायचो.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, बायकोच्या शाळेच्या गावातली. चौथीला ती तिच्याकडेच होती. अकरावीला आल्यापासून दर आठवड्याला तिचा प्रश्न ठरलेला, "सर, बाई कशा हाईत?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "बऱ्या आहेत." तिच्या गटाची पाळी शेवटची होती. त्याच्या आधी ती तास संपल्यावर माझ्या मागे आली आणि म्हणाली, "सर, आमचं आधी बाईंसमोर करून बघू? रंगीत तालीम."

मी म्हटलं, "बाईंना बोलता येत नाही."

"मग काय? ऐकता येतंय ना?"

मी जरा रागावूनच नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. माझ्यापुरतं मी जे मानून घेतलं होतं, ते या पोरींच्या तोंडावर उमटलेलं मला पाहायचं नव्हतं. पण पोरगी चिवट निघाली. रविवारी दुपारी त्याच शाळेतल्या दोन मैत्रिणींना घेऊन, लॅपटॉप पाठीला लावून ती दारात उभी. सोबत डब्यात आईने दिलेले घावन. दारात आलेल्या पोरींना काय सांगणार? या म्हटलं.

पोरींनी बायकोला वाकून नमस्कार केला. लॅपटॉप पडवीतल्या स्टुलावर ठेवला आणि तिच्यासमोर एका ओळीत उभ्या राहिल्या, शाळेत राहायच्या तशाच. त्यांचा विषय होता सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, आणि पावसाळ्यात तिथे उगवणारी फुलं. त्यांनी स्वतः भिजत जाऊन फोटो काढले होते. मुलगी सांगत होती ते मला आवडत होतं. पडद्याकडे न बघता सांगत होती. मध्येच ती म्हणाली, "सड्यावर माती खोल असते, म्हणून तिथं ही फुलं चांगली वाढतात."

ही चूक. सड्यावर कुठली आली माती? वीतभर खणलं तरी पहार कातळावर आपटून हात झिणझिणतात. कोकणातलं लहान मूलही फसायचं नाही.

बायको म्हणाली, "छान."

मला तिथे बसवेना. चहा टाकतो म्हणून मी आत गेलो. आधण ठेवलं. साखर घातली, की नाही घातली, ते आठवेना म्हणून परत घातली. तेवढ्यात बाहेर तिघी एकदम हसल्या, मोठ्याने, टाळ्या देत. मी भांडं तसंच सोडून बाहेर आलो.

"काय झालं?"

"सर, बाईंनी पकडली! लगेच पकडली!"

"काय पकडली? छान म्हणाली ती. ती सगळ्यालाच छान म्हणते."

वर्गात मी पोरांकडे बघतो, तशी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "सर, तो छान वेगळा. तुमी ऐकला नाय?" आणि तिने म्हणून दाखवला. आखूड, 'छा'वर आपटलेला, शेवटी नाकातून सोडलेला. "पाढा चुकला का बाई ह्योच बोलायच्या. छान! मग आमी गपचूप अंगठे धरायचो. आणि बरोबर आला का तो दुसरा." दुसराही तिने म्हटला. तो लांब होता, खाली उतरत जाणारा. बाकीच्या दोघींनी माना डोलवल्या.

माझा विश्वास बसला नाही. मी म्हटलं, "परत सांग."

ती पुन्हा बायकोसमोर उभी राहिली. "बाई, सड्यावर माती लय खोल असते."

"छान."

"बाई, सड्यावर माती नसतेच, कातळाच्या खळग्यात जरा साठते तेवढीच."

"छाऽन."

मी ऐकला. माझ्या म्हाताऱ्या कानांनी ऐकला. मुलीने आणखी दोन-तीनदा करून दाखवलं, खरं, खोटं, परत खोटं, आणि बायकोने एकदाही गफलत केली नाही. शेवटी तर तिच्या तोंडाची चांगली असलेली बाजू जराशी वर गेली. आत चहा उतू जाऊन गॅस विझला होता, वास सुटला होता, तरी कुणी उठलं नाही.

मी सगळ्या वर्गाला ऐकायला शिकवत होतो, आणि रोज संध्याकाळी हातभर अंतरावर बसून मला ऐकू येत नव्हतं. यायचं कसं? तो शब्द तिने कधी माझ्यासाठी वापरलाच नव्हता, सरळही नाही आणि तिरकाही नाही. तो पोरांचा होता. मला ती पूर्ण वाक्यात बोलायची. मी त्या वाक्याची वाट बघत बसलो होतो, अहोपासून सुरू होणाऱ्या, आणि ती बिचारी उरलेल्या एका शब्दात महिनोन्‌महिने मला सांगत होती, की तुम्ही चुकताय.

पोरी घावन खाऊन, दुसऱ्यांदा केलेला चहा पिऊन गेल्या. जाताना मुलीने बायकोला विचारलं, "बाई, सोमवारी बोलू ना अशीच?" आणि बायकोने तिला लांब, उतरता छान दिला. मला तेव्हा त्या पोरीचा हेवा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग आम्ही दोघंच राहिलो. ते वाक्य आता मला परत मिळणार नाही, हे मला कळतं. ते मला हवंच आहे. नळ गळतोय, सदरा उलटा घातलाय, मोठ्याने बोलू नका, काहीही चालेल. झोपेतून उठताना अजून मी त्यासाठी कान देतो. पण दिवाळीपासून पडवीत जे काही ती मला म्हणाली होती, त्यातलं एकही अक्षर माझ्यापाशी नव्हतं. ते सगळं मी वाया घालवलं होतं.

मी तिची खुर्ची जरा जवळ ओढली, खडखड करणारा पंखा बंद केला, आणि पहिल्या गटापासून तिला सगळं पुन्हा सांगायला लागलो.